फूल बघायला शिकणं : वनस्पतिचित्रांचा एक इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानासाठी पानाफुलांची चित्रं हा विषय काहींना हलका वाटेल. यात लढाया नाहीत, तह नाहीत, गादीवरून भांडणारे भाऊ नाहीत. तरी आजचा तास आपण या विषयाला देणार आहोत. गेल्या पाचशे वर्षांत माणसं झाडाचं चित्र काढायला कशी शिकली, त्यांना कुणी शिकवलं, आणि शिकलेल्या हातांचं पुढे काय झालं, एवढंच बघायचं आहे. वरवर हा विषय चित्रकलेचा आहे. त्याच्या पोटात मात्र ज्ञानाचा प्रश्न आहे. एखादी गोष्ट आपल्याला ‘माहीत आहे’ असं आपण कधी म्हणू शकतो? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं या प्रश्नाभोवती जन्मभर फिरत राहतो. चित्रकाराला तेवढी सवड नसते. फूल समोर असतं, ते संध्याकाळपर्यंत कोमेजणार असतं, आणि कागद कोरा असतो.

आधी एक साधी परीक्षा घेऊ. जास्वंद आपण सगळ्यांनी पाहिली आहे, गणपतीला वाहिली आहे. आता न बघता सांगायचं. पाकळ्या किती? पाच, हे बहुतेकांना येईल. पण त्या पाकळ्या एकमेकींना कशा लागून असतात? मधून जो लांब दांडा बाहेर येतो, त्याच्या टोकाला किती गोंडे असतात? पिवळे परागकोश दांड्याच्या टोकावर असतात की अंगावर? आणि फुलाच्या हिरव्या पेल्याखाली काय असतं?

आता उत्तरं. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. त्यामुळे कळी पिळून ठेवलेल्या कापडासारखी दिसते. टोकाला पाच मखमली गोंडे असतात. पुंकेसरांचे देठ जुळून त्यांची एक नळी झालेली असते, परागकोश त्या नळीच्या अंगावर असतात, आणि स्त्रीकेसराचा धागा त्या नळीच्या आतून जातो. पेल्याखाली बारीक हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं असतं. हे सगळं रोज आपल्या हातात होतं. आपल्याकडे ‘जास्वंद’ हा शब्द होता, आणि शब्द मिळाला की डोळा काम थांबवतो.

आपल्या न्यायदर्शनात याला फार उपयोगी शब्द आहेत. प्रत्यक्षाचे दोन टप्पे तिथे सांगितले आहेत, निर्विकल्पक आणि सविकल्पक. पहिल्या टप्प्यात वस्तू नुसती समोर येते, तिला अजून नाव चिकटलेलं नसतं. दुसऱ्या टप्प्यात ‘हे अमुक आहे’ असं ज्ञान होतं. व्यवहारात आपण पहिल्या टप्प्यावर क्षणभरही थांबत नाही, आणि थांबून चालणारही नाही. रस्त्यावरून येणाऱ्या ट्रकचं निर्विकल्पक ज्ञान घेत बसलो तर पुढचं व्याख्यान होणार नाही! पण झाडाचं चित्र काढायला शिकणाऱ्याला पहिली शिकवण हीच असते की नावाला जरा बाहेर बसव. पान म्हटलं की नवशिका बदामाच्या आकाराचं, समोरून दिसणारं पान काढतो. समोरचं पान प्रत्यक्षात आपल्याकडे टोक करून झुकलेलं असतं, म्हणून ते आखूड आणि रुंद दिसतं. त्याची अर्धी बाजू तर दिसतच नाही. जे माहीत आहे ते न काढता जे दिसतं ते काढणं, हा झाला पहिला धडा.

पण वनस्पतिचित्र तेवढ्यावर थांबत नाही, आणि इथूनच आपला इतिहास सुरू होतो.

सोळाव्या शतकातल्या जर्मन भाषिक प्रदेशात चला. १५३० मध्ये स्ट्रासबर्गला ओटो ब्रुनफेल्स याचा वनस्पतींचा ग्रंथ छापायला सुरुवात झाली. त्यातली चित्रं हान्स वायडिट्झ याने केली होती. त्याआधीच्या कितीतरी औषधी ग्रंथांत एका चित्रावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं असं नकलून नकलून झाडांची पार रांगोळी झालेली असे. ती चित्रं बघून रानात जाऊन कुणी झाड ओळखेल ही शक्यता कमीच. वायडिट्झने झाड समोर ठेवलं. इतकं समोर ठेवलं की मोडलेला देठ मोडलेलाच काढला, सुकून लोंबणारं पान लोंबतंच ठेवलं, किडीने खाल्लेलं भोकही सोडलं नाही. ब्रुनफेल्सचा सगळा भर प्राचीन ग्रीक-लॅटिन ग्रंथांतल्या नावांवर होता. ज्यांना त्या ग्रंथांत नावच नाही अशाही काही रानफुलांना त्याच्या पुस्तकात जागा मिळाली, कारण ती चित्रकाराने काढलेली होती. पंडिताच्या पोथीत नसलेली वनस्पती चित्रकाराच्या कागदावर होती, हे लक्षात ठेवू या.

बारा वर्षांनी, १५४२ मध्ये, बाझेलला लिओनहार्ट फुक्स याचा ग्रंथ निघाला. त्यात पाचशेहून अधिक वनस्पतींची चित्रं आहेत. फुक्स वैद्यकाचा प्राध्यापक होता. त्याला वायडिट्झची पद्धत पुरेशी वाटली नाही, आणि त्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. वाचकाला हे एकच झाड ओळखायचं नाही, या जातीचं कुठलंही झाड ओळखायचं आहे. मग या एका रोपट्याचं एक पान किडीने खाल्लं, ही माहिती त्याच्या काय कामाची? फुक्सने चित्रकारांना सांगितलं की छायाप्रकाशाचा खेळ करून आपलं कौशल्य दाखवू नका, रेषा स्वच्छ ठेवा. मुळापासून शेंड्यापर्यंत सगळं दाखवा. फूल आणि फळ निसर्गात एका वेळी येत नसलं तरी चित्रात एकाच फांदीवर दाखवा.

म्हणजे गंमत बघा. वायडिट्झचं चित्र खरं आहे, पण एका रोपापुरतं. फुक्सचं चित्र असलेलं नेमकं झाड जगात कुठेच नाही, तरी ते त्या जातीच्या सगळ्या झाडांबद्दल खरं आहे. पुन्हा न्यायशास्त्राकडे येऊ. शब्दाचा अर्थ काय, या चर्चेत तिथे तीन गोष्टी सांगितल्या आहेत: व्यक्ती, आकृती आणि जाती. व्यक्ती म्हणजे ही समोरची एक गाय, जाती म्हणजे गोत्व, आणि आकृती म्हणजे अवयवांची ती विशिष्ट ठेवण, जिच्यावरून गोत्व ओळखू येतं. जाती डोळ्यांना दिसत नाही आणि व्यक्ती तर एकटीच असते. दोघींमधला पूल आकृती बांधते. वनस्पतिचित्र म्हणजे आकृतीला कागदावर आणण्याची कला. मराठी वनस्पतिशास्त्रात आपण ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ हेच शब्द वापरतो, हा योगायोगही छान आहे.

म्हणून या कलेचा दुसरा धडा पहिल्याच्या उलट आहे. आधी नाव विसरून बघायचं, आणि मग बघितलेल्यातलं काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवायचं. किडीचं भोक गाळायचं, पण पानाच्या कडेचे दाते गाळायचे नाहीत. हा निवाडा पुस्तक वाचून होत नाही. त्यासाठी एका जातीची पुष्कळ झाडं बघावी लागतात, आणि बघताना हात चालावा लागतो. फुक्सबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची, तिचा पुढे संबंध येणार आहे. त्याच्या ग्रंथाच्या शेवटी तीन माणसांची चित्रं नावांसकट छापली आहेत: हाइनरिष फ्युलमाउरर, आल्ब्रेख्ट मेयर आणि लाकडावर ठसे कोरणारा फाइट रुडोल्फ श्पेकल. ग्रंथ लिहिणाऱ्याने चित्र काढणाऱ्यांना ग्रंथात बसायला जागा दिली.

आता आपण आपल्याकडे येऊ. भारतात फुलांचं चित्रण नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. अजिंठ्याच्या छतांवरची कमळं आहेत, मंदिरांवरच्या वेली आहेत. चित्राची जी सहा अंगं आपल्याकडे सांगितली जातात, त्यांतलं पहिलंच रूपभेद आहे, म्हणजे एका रूपाचा दुसऱ्याहून असलेला वेगळेपणा, आणि सादृश्य हेही त्या सहांत आहे. पण एकच रोप, कोऱ्या पार्श्वभूमीवर, केवळ त्याच्यासाठी म्हणून काढलेलं, ही रीत आपल्याकडे ठळकपणे दिसते ती जहांगीरच्या दरबारात. १६२० च्या वसंतात जहांगीर काश्मीरमध्ये होता. तिथली फुलं बघून त्याने आपल्या लाडक्या चित्रकाराला, उस्ताद मन्सूरला, ती काढायला सांगितली. मन्सूरने शंभराहून अधिक फुलं चितारली अशी नोंद बादशहाच्या आत्मचरित्रात आहे. त्यांतली फारच थोडी आज उरली आहेत. लाल ट्युलिपचं एक प्रसिद्ध चित्र अलीगढला आहे. पाश्चात्त्य पाद्री आणि व्यापारी यांच्याबरोबर युरोपातले छापील वनस्पतिग्रंथ मुघल दरबारात पोचले होते, आणि त्या काळच्या फुलांच्या चित्रांवर त्यांची छाया आहे, हे अभ्यासकांनी दाखवलं आहे. म्हणजे मन्सूरसारखा ‘नादिर-उल्-अस्र’, आपल्या काळाचा अद्वितीय पुरुष, अशी पदवी मिळवलेला माणूसही परक्या पुस्तकाकडून शिकत होता. त्याला त्यात कमीपणा वाटला नसावा. शिकणं एका दिशेने चालत नाही, एवढं आपण यातून घेऊ.

या दुतर्फा शिकण्याचं सर्वांत मोठं उदाहरण पन्नासएक वर्षांनी मलबारात घडलं. कोचीनला डच कंपनीचा अधिकारी होता हेंड्रिक व्हान रीड. त्याने मलबारातल्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला, ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला छापून निघाले. सातशेहून अधिक वनस्पती, आणि त्यांची जवळपास आठशे मोठी चित्रं. माणसं रानात जाऊन डहाळ्या आणत, चित्रकार त्या ताज्या असतानाच काढून घेत. पण फांदीचा कुठला भाग महत्त्वाचा, कुठलं मूळ औषधी, फळ कधी धरतं, हे त्यांना कोण सांगणार? ते इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याने सांगितलं. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ज्ञानावर हा ग्रंथ उभा आहे. आणि आपल्याला जवळची गोष्ट अशी की, या कामात तीन कोंकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. कोंकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं त्यांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. छापील नागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. इट्टी अच्युदनचंही मलयाळममधलं निवेदन तिथे आहे. सतराव्या शतकातल्या युरोपीय ग्रंथात आपल्याकडच्या वैद्यांनी स्वतःच्या लिपीत, स्वतःच्या नावाने साक्ष द्यावी, ही लहान गोष्ट नव्हे. केरळातले वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी कित्येक दशकं खपून या लॅटिन ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे मलयाळमही आलं.

या ग्रंथाचं एक विलक्षण उत्तरचरित्र आहे. स्वीडनच्या लिनीअसने १७५३ मध्ये वनस्पतींना आजची दोन शब्दांची नावं दिली. तो भारतात कधीच आला नव्हता. इथल्या अनेक झाडांसाठी त्याने हॉर्टसचा आधार घेतला. नाव कुठल्या नमुन्याला बांधलेलं आहे हे शास्त्राला ठरवून ठेवावं लागतं. एरवी तो नमुना म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेली फांदी असते. पण लिनीअसच्या काही नावांच्या बाबतीत तो नमुना म्हणून हॉर्टसमधलं चित्रच धरलं जातं. म्हणजे व्यक्ती गेली, कधीच कुजून गेली, आणि जातीचं नाव आज आकृतीच्या आधारावर उभं आहे. न्यायशास्त्राच्या पंडितांना याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

लिनीअसमुळे चित्र शिकणंही बदललं. त्याच्या वर्गीकरणात झाडाचा वर्ग मुख्यतः पुंकेसरांची संख्या आणि त्यांची ठेवण यांवर ठरत असे. त्यामुळे फूल नुसतं सुंदर काढून भागेना. त्याला उभं चिरायचं, पुंकेसर मोजायचे, किंजपुटाचे कप्पे बघायचे, आणि हे तुकडे भिंगाखाली मोठे करून कागदाच्या तळाशी ओळीने मांडायचे. आजही वनस्पतिचित्राच्या पानावर मुख्य फांदीखाली ही लहान लहान चित्रं दिसतात.

हीच मागणी घेऊन ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर भारतात कामाला लागले. १७८७ मध्ये कलकत्त्याजवळ कंपनीचं वनस्पतिउद्यान स्थापन झालं. १७९३ पासून विल्यम रॉक्सबर्ग त्याचा प्रमुख होता. त्याने भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांवर चित्रं करून घेतली. कंपनीला यात सौंदर्याचं वेड होतं असं समजू नका. तिला सागवान हवं होतं, नीळ, कापूस, मसाले आणि औषधं हवी होती. वाळवलेल्या नमुन्यात फुलाचा रंग उडतो, मांसल फळ चपटं होतं, ऑर्किड तर ओळखूच येत नाही. लंडनला पाठवायला चित्र लागायचंच.

ही चित्रं काढणारे कोण होते? उत्तरेत अनेक जण मुघल परंपरेतल्या लघुचित्रांवर हात बसलेले. दक्षिणेत तंजावरकडच्या परंपरेतले. त्यांची पद्धत काय होती? डिंकात कालवलेले जाड, अपारदर्शक रंग थरावर थर द्यायचे, अकीकाच्या घोटणीने कागद घोटायचा, खारीच्या केसांच्या कुंचल्याने बारीक रेषा ओढायची. हिरवा रंग नीळ आणि पिवळा मिसळून घरीच करायचा. आता साहेब म्हणतो, युरोपचा पांढरा कागद घे, रंग पातळ कर, कागदाचा पांढरेपणा उजेड म्हणून राखून ठेव. फांदी जेवढी आहे तेवढीच काढ. आणि हे भिंग घे, हे परागकोश बघ.

थोडा विचार करू या. पंचवीस-तीस वर्षांचा, आजोबांपासून चालत आलेली कला अंगात असलेला माणूस. त्याला नवा कागद, नवा रंग, नवं भिंग आणि बघण्याची नवी रीत एकदम शिकायची आहे. हे लोक ते शिकले, आणि नुसतं शिकले नाहीत. आपल्याकडचं काही त्यांनी त्यात मिसळलं. पानातली शिरन्‌शीर रेखण्याची चिकाटी, पानभर फांदी बसवण्याची जाण, रेषेचा नेमकेपणा. साहेब लोक कधी तक्रार करत की यांना छायाप्रकाश जमत नाही. पण फुक्सने चित्रकारांकडून काय मागितलं होतं ते आठवा. छायाप्रकाश आवरा आणि रेषा स्वच्छ ठेवा, हेच! आपल्याकडच्या हाताला ते उपजतच येत होतं.

आता मूळ प्रश्नाला हात घालू. या व्यवहारात ज्ञाता कोण होता?

रूढ उत्तर असं की ज्ञान डॉक्टरसाहेबाचं, चित्रकार म्हणजे त्याचा हात. आम्हाला हे उत्तर पटत नाही. जो हात दहा पुंकेसर रंगवतो, त्याने आधी दहा मोजलेले असतात. पाच लांब आणि पाच आखूड असतील, तर ते त्याला कळलेलं असतं. कुठली बारकाई जातीची आणि कुठला दोष या एका फांदीचा, हा निवाडा त्याने पानोपानी केलेला असतो. जाती ओळखण्याचं जे ज्ञान, ते त्याच्या बोटांत आलेलं असतं. त्याला लॅटिन येत नव्हतं एवढंच. लॅटिन न येणं आणि ज्ञान नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काहींची नावं टिकली. कलकत्त्याच्या उद्यानाचा पुढचा प्रमुख नॅथॅनिअल वॉलिच. त्याच्या १८३० च्या सुमारास निघालेल्या भव्य ग्रंथात चित्रांखाली विष्णुप्रसाद आणि गोराचंद अशी नावं आहेत. त्यातलं सर्वांत गाजलेलं चित्र ब्रह्मदेशातल्या एका अप्रतिम वृक्षाचं आहे, ॲम्हर्स्टिया. काढलं विष्णुप्रसादने. झाडाला नाव मिळालं गव्हर्नर जनरलच्या कुटुंबातल्या स्त्रियांचं.

मद्रासकडे रॉबर्ट वाइट नावाचा डॉक्टर होता. त्याच्या १८३८ ते १८५३ या काळातल्या सहा खंडांच्या ग्रंथात दोन हजारांहून अधिक चित्रं आहेत. ती मुख्यतः दोघांची, आधी रंगय्या आणि नंतर गोविंदू. वाइटने एक चांगली गोष्ट केली. एका ऑर्किडच्या प्रजातीला त्याने गोविंदूचं नाव दिलं, ‘गोविंदूइया’. साहेबाने आपल्या चित्रकाराचं नाव वनस्पतिशास्त्राच्या लॅटिन वहीत लिहिलं, असं तेव्हा क्वचितच घडत होतं. पुढे वर्गीकरण सुधारलं, ते ऑर्किड ‘ट्रॉपिडिया’ या आधीच्या प्रजातीत गेलं, आणि गोविंदूचं नाव वापरातून गेलं. यात कुणाचा दुष्टावा नाही. शास्त्राचे नियम तसे आहेत. पण हातांची नावं किती हलक्या धाग्याने टांगलेली असतात ते यावरून कळावं.

आणि आता आपल्या पुण्याजवळ येऊ. आज आपण जिला दापोडी म्हणतो, तिथे पवनेच्या काठी मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता. १८२८ मध्ये सर जॉन माल्कमच्या काळात ती जागा सरकारने घेतली आणि बंगल्याभोवती वनस्पतिउद्यान उभं राहिलं. इंग्रजी कागदपत्रांत तिचं नाव ‘दापुरी’. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून ते उद्यान सांभाळत होता. तो औषधी वनस्पती लावायचा, बाहेरदेशची झाडं रुजवून बघायचा. पुढे तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, आणि सह्याद्रीतली व कोकणातली झाडं बेसुमार तुटत आहेत म्हणून सरकारला सावध करत राहिला. १८४७ ते १८५० या वर्षांत गिब्सनने एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रं करून घेतली. काही इथली रानटी झाडं, काही बागेत वाढवलेली परदेशी. आज ती एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. तिथले अभ्यासक हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर सुंदर ग्रंथ केला, म्हणून ती आपल्याला नीट कळली.

चित्रकार कोण? इंडो-पोर्तुगीज. एवढीच त्याची ओळख मागे राहिली. नाव नोंदलं गेलं नाही.

पवनेकाठी बसून तीन-चार वर्षं या माणसाने मावळातली आणि बागेतली झाडं एकेक करून शिकून घेतली. मराठी मुलखातल्या वनस्पतींकडे इतक्या निगुतीने बघणारे डोळे त्या काळात फार नसतील. जिच्याकडे त्याने पाहिलं त्या प्रत्येक वनस्पतीला लॅटिन नाव आहे, मराठी नाव आहे, कधी दोन-तीन नावं आहेत. बागेच्या अधिकाऱ्याचं नाव आहे, बंगल्याच्या मालकांचं आहे. सोळाव्या शतकात फुक्सने जे केलं, ते एकोणिसाव्या शतकात दापुरीला झालं नाही. आम्ही हे कुणाला शिव्या देण्यासाठी सांगत नाही. इतिहास लिहिताना ज्ञान कुठे राहतं याची आपली समजूत दुरुस्त करायला हवी, म्हणून सांगतो. ते ग्रंथाच्या मुखपृष्ठावर राहतं आणि बोटांतही राहतं. मुखपृष्ठ टिकाऊ असतं, बोटं नसतात, एवढाच फरक.

पुढचा टप्पा शाळेचा. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिच्यावर पाश्चात्त्य शिस्तीची छाप होती, पण पानाफुलांचा अभ्यास तिने विद्यार्थ्यांकडून करून घेतला. १८७८ पासून दहा वर्षं चाललेल्या बोरीबंदरच्या इमारतीवरच्या दगडी पानाफुलांच्या, पशुपक्ष्यांच्या कोरीवकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. लोकल पकडायच्या घाईत रोज लाखो लोक त्या पानांखालून जातात. कधी जमलं तर दोन मिनिटं मान वर करून बघावं.

आणि मग महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांत पोचलेल्या रेखाकलेच्या परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्या दिल्या असतील. त्यांत निसर्गचित्र असायचं. समोर पानाफुलांची डहाळी, हातात पेन्सिल, आणि घड्याळ. त्या पेपराचे गुण कुठे गेले ते आज कुणाला आठवत नाही. पण कण्हेरीची पानं एका पेरावर तीन-तीन येतात आणि तगरीची दोन-दोन समोरासमोर, हे ज्याने एकदा काढून पाहिलं, तो जन्मात विसरत नाही. त्याला ते पाठ करावं लागलेलं नसतं.

आज हा प्रश्न पुन्हा उभा आहे. फोन फुलासमोर धरला की नाव येतं. सोय चांगली आहे. आम्ही तिच्या विरोधात नाही. पण आपण मघाशी म्हटलं, नाव मिळालं की डोळा काम थांबवतो. पूर्वी निदान नाव मिळवायला एखाद्या वैद्याला, गुराख्याला, आजीला विचारावं लागे, आणि ती विचारायची की पान चुरगळून वास घेतलास का, चीक निघतो का, पांढरा की पिवळा. नावाच्या वाटेवर थोडं बघणं व्हायचं. आता नाव आधी येतं आणि बघायचं राहून जातं. आपल्या टेकड्यांवरचं काय नाहीसं होत आहे हे कळायला, ते होतं हे कुणीतरी आधी पाहिलेलं असावं लागतं. गिब्सनला जंगलतोड दिसली, कारण त्याने आणि त्याच्या चित्रकाराने झाडं आधी बघितली होती.

म्हणून शेवटी एक आग्रह. पावसाळ्यात कळलावी फुलते. कुंपणावर, टेकडीच्या कडेला, पिवळी-तांबडी. तिच्या सगळ्या अंगात विष आहे, मुलांना तोंडात घालू देऊ नका. फूल तोडूही नका, जागेवरच बसा. कागद साधा चालेल, पेन्सिल कुठलीही. चित्र चांगलं यायची गरज नाही. तीन गोष्टी तेवढ्या बघून काढा. एक, ही वेल आधाराला धरते ती कशाने? वेगळा तणावा शोधू नका, पानाच्या टोकाकडे बघा. टोकच लांबून वेटोळं झालेलं दिसेल. दोन, पाकळ्या सहा, पण त्या कुठल्या दिशेला वळल्या आहेत? तीन, मधला स्त्रीकेसराचा धागा सरळ वर जात नाही. बुडाशीच काटकोनात मोडून एका बाजूला निघतो. तो तसा का निघत असेल याचा विचार करत अर्धा तास बसलात, तर न्यायशास्त्राचा आजचा पाठ झाला असं आम्ही समजू.

आणि चित्र झालं की खाली कोपऱ्यात, तारखेशेजारी, आपलं नाव लिहा. दापुरीच्या चित्रकाराला ते कुणी लिहू दिलं नाही, किंवा लिहावं असं कुणाला सुचलं नाही. आपल्याला तशी अडचण नाही.

इथे थांबू या.